सांबा सांभाळणारा

फुकट मिळालेली वस्तू सगळ्यात महाग पडते, हे मला सांबाने शिकवलं.

सांबा म्हणजे कुणी माणूस नव्हे. ते एक सॉफ्टवेअर आहे. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून मी ते काढलं आणि रेणुकादास सरांच्या क्लासमधल्या एका जुनाट कॉम्प्युटरवर बसवलं. नाव ऐकून सरांनी हात जोडले, "सांब सदाशिव," म्हणाले आणि मग किंमत विचारली. फुकट आहे म्हटल्यावर त्यांनी पुन्हा हात जोडले. फुकट ते पौष्टिक, ही म्हण बहुतेक आमच्या सरांसारख्या कुणाला तरी बघूनच तयार झाली असावी.

त्याआधी क्लासमध्ये दोन जावांचा संसार होता. ऑफिसात विंडोज, तिथे फिया आणि ॲडमिशन. माझ्या खोलीत लिनक्स, कारण फिजिक्सची समीकरणं त्यावर सुबक टाइप व्हायची. एकीची फाइल दुसरीला दिसायची नाही, प्रिंटर एकच, आणि फ्लॉपी घेऊन दिवसभर सगळ्यांची धावपळ. सांबाने दोघींना एका फोल्डरवर आणि एका प्रिंटरवर गुण्यागोविंदाने नांदवलं. गंमत म्हणजे ऑफिसातल्या पोरींना त्या फोल्डरमागे लिनक्स आहे याचा पत्ताही नव्हता. त्यांना ते विंडोजच वाटायचं. म्हणून बिघडलं की त्या एकच उपाय करायच्या, मला हाक मारायच्या.

लातूर पॅटर्नचा बोलबाला झाला, पोरं गावोगावहून येऊ लागली, रविवारच्या टेस्टला मैदानात मांडव घालावा लागला. प्रत्येक पेपर त्या एका फोल्डरातून निघायचा. आणि मी, राघवेंद्र, सहा महिन्यांसाठी आलेला माणूस, त्या पत्र्याच्या खोलीत रुतत गेलो. बायको विमल नांदेडला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आई तिच्याजवळ, मुलगीही तिथेच. मी शनिवारी टेस्टची तयारी उरकून एसटी धरायचो आणि रविवारी संध्याकाळी परत फिरायचो. मुलगी मला मामा म्हणाली असती तरी तिचा दोष नव्हता.

सोडून का गेलो नाही? कारण आई. भूकंपाच्या वेळी ती माहेरी, किल्लारीजवळच्या खेड्यात होती. धाब्याचं घर तिच्या अंगावर आलं. लातूरहून टिकाव-फावडी घेऊन जे पहिले पोचले त्यात रेणुकादास सर होते. त्यांनी हातांनी माती उकरून आईला बाहेर काढलं. आई अजून म्हणते, "काहीबी कर, त्या माणसाला न्हाई म्हणू नको." आणि सर कधी रागावत नाहीत, हीच तर खरी पंचाईत. रागावणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

"तुमच्यासारखा दुसरा तयार करा अन् खुशाल जा," सर म्हणायचे. मी दोघांना तयार केलं. एक पुण्याला गेला, दुसरा हैदराबादला. सांबा येणाऱ्या माणसाला बाहेर मागणी होती. सर हसून म्हणाले, "तुम्ही शिकवता लई चांगलं, राघवेंद्रराव. तेच वाईट झालं."

मग तनुजा आली. आमचे वॉचमन रामकिशन यांची मुलगी, नुकतीच बीएस्सी झालेली. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारायची नाही. लाइट जाऊन डिस्क बिघडली की ती कशी दुरुस्त करायची, हे तिने मागच्याच आठवड्यात माझ्यासमोर करून दाखवलं होतं, गाणं गुणगुणत.

त्याच सुमारास नांदेडच्या एका कॉलेजात माझी निवड झाली. सोमवार ही हजर होण्याची शेवटची तारीख. नाहीतर यादीतल्या पुढच्याला बोलावणार होते. सर म्हणाले, "शनिवारी तुम्ही हात लावू नका. तनुजाने एकटीने पेपर काढला, की तुम्ही मोकळे." विमलने सगळ्यांना पुरतील अशा दोन खोल्या स्टेशनजवळ बघूनही ठेवल्या.

शुक्रवारी रामकिशन मला गेटवर भेटले. "पोरीला पुण्याच्या कंपनीचं बोलावणं आलंय," ते म्हणाले. "पर सर म्हणून राहिले, राघवेंद्रराव गेले की हिला इथंच कायम करतो. आता सरांना कसं न्हाई म्हणावं?"

"तनुजा काय म्हणते?" मी विचारलं.

"ती काय म्हणणार? काल जेवली न्हाई."

मला हे ऐकून वाईट वाटलं. पण खरं सांगतो, त्याहून जास्त हायसं वाटलं. ही तरी पळून जाणार नव्हती.

शनिवारी दुपारी तनुजा खुर्चीवर बसली आणि मी मागे स्टुलावर, हाताची घडी घालून. सर दारात उभे होते. पेपर फोल्डरात तयार होता, फक्त छापायचा होता. तेवढ्यात पत्रा थरथरला. टेबलावरचा पाण्याचा ग्लास सरकला. जमिनीतून गुरगुर आली आणि विरली. बस, इतकंच. पण आमच्याकडे एवढं पुष्कळ होतं.

बाहेर पोरं ओरडत मैदानाकडे पळाली. सरांनी मात्र आधी मेन स्विच पाडला आणि धावत येऊन युपीएसचं बटणही बंद केलं. भूकंपाच्या वेळी त्या खेड्यात त्यांनी वायरींतून ठिणग्या उडताना पाहिल्या होत्या. तेव्हापासून जमीन हलली की वीज तोडायची, हा त्यांचा नेम. कितीदा सांगितलं, सर, कॉम्प्युटर असा झटक्यात बंद करू नये. सर म्हणायचे, "माणसं महत्त्वाची का मशीन?"

मैदानातून सगळे परत आले. वीज आली. ऑफिसातले कॉम्प्युटर सुरू झाले, पण सामायिक फोल्डर गायब. आमच्या मशीनचा पडदा काळा होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात लिहिलं होतं की डिस्क बिघडली आहे, हाताने दुरुस्त करा. उद्याचा पेपर त्याच डिस्कवर होता.

तनुजाने पासवर्ड टाकला. दुरुस्तीचा हुकूम टाइप केला. मशीनने पहिला प्रश्न विचारला, ही फाइल तुटली आहे, जोडू का? तिचं बोट वाय, म्हणजे येसच्या बटणावर गेलं. आणि तिथेच थांबलं.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

ती वळली. तिने सरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले, पण नजर ठाम होती.

"मला न्हाई येत, दादा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खोटं, धडधडीत खोटं. मागच्या मंगळवारी गाणं म्हणत केलं होतंस तू. एक बटण दाबलं असतंस तर मी सोमवारी नांदेडच्या कॉलेजात असतो. हे सगळं ओठांवर आलं. मग तिचं बोट दिसलं. ते अजून त्या बटणावरच होतं. बटण दाबलं की ती आयुष्यभर या पत्र्याखाली बसणार होती, आणि हे तिच्याइतकं मलाही ठाऊक होतं.

"राघवेंद्रराव, बसा बरं तुम्ही," सर म्हणाले. "उद्या पोरं यायची हायेत."

ती उठली, मी बसलो. खुर्ची अजून गरम होती. समोर प्रश्न तसाच उभा होता आणि मला काही केल्या अक्षरं दिसेनात. डोळ्यांत पाणी आलं होतं. मी नुसताच बसून राहिलो.

मागून, फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात, तनुजा म्हणाली, "वाय दाबा, दादा. समद्यालाच वाय."

मी दाबत गेलो. पेपर सापडला. प्रिंटर घरघरू लागला. सरांनी सुस्कारा सोडला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हिला अजून किती दिवस लागतील?"

"हिला जमणार नाही, सर," मी म्हणालो. "पुण्याला जाऊ द्या. रामकिशनला तुम्हीच सांगा."

सरांनी मान हलवली. तनुजा भिंतीला टेकून रडत होती. मी ऑफिसातल्या फोनवरून नांदेडला शेजाऱ्यांचा नंबर लावला आणि विमलला बोलावून घेतलं. सोमवारी येत नाही, एवढंच सांगितलं.

"अहो, एवढ्या मोठ्या लातुरात तुमच्याशिवाय ते कुणालाच येत नाही का?"

तनुजा दाराशी येऊन उभी होती, ऐकत.

"नाही," मी म्हणालो. "कुणालाच येत नाही."