नात्याचा रकाना

आमच्या भाईंना इंग्रजी शब्दांची भारी खोड. भाई म्हणजे माझे थोरले दीर हरिश्चंद्र, कट्टा गावच्या हायस्कुलात इंग्रजीचे मास्तर. पाटावर बसले की भात कालवता कालवता एकेक शब्द सोलायचे. ‘हजबंड’ म्हणजे मुळात घर धरून राहणारा. ‘वाइफ’ म्हणजे नुसती बाई, दुसरं काही नाही. ‘विडो’ आणि आपली ‘विधवा’ एकाच मुळातल्या. हे शेवटचं सांगताना मी तिथंच चुलीपुढे बसलेय याची त्यांना शुद्ध नसायची. माझा नवरा बाळा तापानं गेला तेव्हा आमची नीरजा सव्वा वर्षाची होती. घर धरून राहणारा गेला आणि ते घर धरून बसले मी.

नीरजा मला आई म्हणत नसे. त्यात कुणाचं कपट नव्हतं, निदान सुरुवातीला तरी. एकत्र घरात पोर जे ऐकतं तेच म्हणतं. आमच्या शेजारी तर सख्ख्या बापाला ‘काका’ म्हणणारे चार मुलगे होते. धाकटा दीर महादू मला दिवसभर ‘वयनी, वयनी’ करायचा, तीच हाक नीरजानं उचलली. माझी थोरली जाऊ, भाईंची बायको सुगंधा, हिला मूल नव्हतं. ती नीरजाला न्हाऊ घालायची, वेणी घालायची, आणि नीरजा तिला ‘आये’ म्हणायची. मी हसून म्हणायचे, “म्हणू दे गो, म्हटल्यान काय झिजता?” काय मूर्ख होते मी!

अठ्ठावन्न साली मला कसालच्या प्राथमिक शाळेत नेमणूक आली. लग्नाआधी सातवीची फायनल पास झाले होते, त्या जोरावर महादूच्या हातून गुपचूप अर्ज धाडला होता. सोमवारी हजर व्हायचं होतं. कसालला राधाबाई म्हणून एकीनं पडवीतली खोली देऊ केली. मला तर आभाळ ठेंगणं झालं. माझी मुलगी आणि मी, एक खोली, एक चूल. दहा वर्षांत मी दुसरं काही मागितलं नव्हतं.

भाई चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

“नोकरी कर, कोण नको म्हणता?” ते म्हणाले. “नीरजा मात्र हयच रवतला.”

“माझा चेडू ता, भाई!”

“मगे शाळेत ये नि तिचो शाळा सोडल्याचो दाखलो मागून बघ.”

नीरजा तेव्हा भाईंच्याच हायस्कुलात सहावीला होती. मी दुसऱ्या दिवशी नेसूचं बदलून हेडमास्तरांपुढे उभी राहिले. भाई बाजूच्या खुर्चीवर बसले होते. हेडमास्तरांनी विचारलं, “आपण मुलीच्या कोण?” मी म्हटलं, “आई.” त्यांनी फायलीतून प्रवेशाचा अर्ज काढला. सगळा इंग्रजीत, भाईंच्या वळणदार अक्षरात. हेडमास्तर मला वाचून दाखवू लागले. पालक, हरिश्चंद्र. आई, सुगंधा. घरातली इतर माणसं, सत्यवती. नातं, ‘आंट’.

सत्यवती म्हणजे मी.

“पोरीला आईबाप दोघंही असावेत, म्हणून लिहिलं,” भाई म्हणाले. शाळेत ते शुद्ध बोलत. “आणि ‘आंट’ हा शब्द कमी नाही हं. तो लॅटिन ‘अमिता’वरून आला. लहान पोरं बोबडं ‘अम्मा’ म्हणतात ना, त्याच हाकेतून तो निघाला असं म्हणतात. म्हणजे बघायला गेलं तर तुझ्या नात्यात आई आहेच.”

“मग सरळ आई लिहायला काय हात मोडले होते तुमचे?” मी ओरडले. थोरल्या दिरापुढे माझा आवाज तोवर कधी चढला नव्हता. डोक्यावरचा पदर खाली आला तो मी सावरलासुद्धा नाही.

हेडमास्तर हळूच म्हणाले, “बाई, खाली सही आपलीच आहे.”

होती. माझीच, मराठीत, शेवटी फराटा काढलेली. वर्षापूर्वी भाईंनी चुलीशी येऊन कागद पुढे केला होता. “पोरीच्या शाळेचो आसा, तू पण सही कर.” सुगंधानं अंगठा उठवला. मी ऐटीत हात पुसून सही ठोकली होती, जावेला दिसावी अशी.

हेडमास्तर माणूस न्यायाचा. त्यांनी नीरजाला वर्गातून बोलावलं. “बाळ, खरं सांग. तुझी आई कोण?”

तिनं भाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “आये घराकडे आसा.”

“आणि ह्या?”

“वयनी.”

हेडमास्तरांनी अर्ज फायलीत घातला.

वाटेत मी तिला दंडाला धरून थांबवलं. “तुका ठावक नाय गो, मी कोण ती?”

“ठावक आसा.”

“कोणी सांगल्यान?”

“महादूकाकान. कवाच.”

“मगे खोटा कित्याक बोललंस?”

ती रडायला लागली. “खरा सांगला असता तर तू माका कसालाक घेवन गेलं असतंस. माका नाय येवचा. आये एकटी पडतली.”

“नी मी, गो? मी एकटी पडतलंय त्याचा काय?”

तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघत राहिली. मी असलं काही विचारीन हे तिला सुचलंच नव्हतं. “तू खंय जातलंस, वयनी?” ती म्हणाली. “तू घरातच आसस.”

मला तिला मारावंसं वाटलं. पोटाशी घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही, तिचं दप्तर काखेत मारून चालू लागले.

सोमवारी कसालची गाडी गेली तेव्हा मी भात वाढत होते. भाईंनी लिहिलं, मी सही केली, नि माझ्या लेकीनं ते चारचौघांत म्हणून दाखवलं. ओरडू तरी कुणावर? कसालला एकटी गेले असते तर पगार मिळाला असता आणि महिन्यातून एकदा पाहुणी म्हणून आले असते. इथं ती मला दिवसातून वीस वेळा हाक मारते. “वयनी, भात वाढ.” मी वाढते.