अळणी

"ह्या बाटलीत काय हाय, बाई?"

फुलाबाईने विचारले, तेव्हा महादेवी सिस्टर तिच्या सुकलेल्या हातावर शीर शोधत होती. दुसऱ्या एखाद्या नर्सने 'औषध' म्हणून वेळ मारून नेली असती. महादेवीची खोड वेगळी. ज्याच्या अंगात काही जायचे आहे त्याला ते काय आहे हे कळलेच पाहिजे, असे तिला वाटे. सोलापूरच्या त्या सरकारी वॉर्डात नोकरी करता करता केस पिकले, पण खोड गेली नाही.

"मिठाचं पाणी आहे, मावशी. हगवण-उलटीनं अंगातलं सगळं पाणी गेलंय तुमचं."

फुलाबाईने हात काढून घेतला. अंगात त्राण नव्हते, तरी घोंगडीखाली नेऊन घट्ट दाबून धरला.

"मला मीठ चालत न्हाय."

नवरा धुळाप्पा पायथ्याशी उकिडवा बसला होता. मंगळवेढ्याकडचे मेंढके ते. त्याने खाली मान घालून सांगितले, "दुष्काळात आमचा सिद्धाप्पा मेंढरं घिऊन कोकणाकडं उतरला, त्यो इतकी वर्सं झाली तरी आला न्हाय. त्यो घरी येस्तवर मीठ खाणार न्हाय म्हून हिनं बिरोबाला बोललंय."

"तोंडानं कुठं खायचंय? शिरेतनं जाणार आहे."

"अंगात गेलं म्हंजी गेलंच की," फुलाबाई म्हणाली. "माझ्या हातानं पोराची वाट मोडू व्हय?"

धुळाप्पा उठून महादेवीजवळ आला. "साखरंची बाटली असती न्हवं? ती लावा."

साखरेची बाटली कपाटात होतीच. खेड्यातले लोक तिला ताकदीची बाटली म्हणत आणि धडधाकट माणसालाही लावा म्हणून हट्ट धरत. पण ती उपाशी माणसाची. हगवणीने मीठ आणि पाणी दोन्ही जाते. नुसत्या साखरपाण्याने ते भरून निघत नाही. दोन्ही मिसळलेली तिसरी बाटली असते, तिच्यातही मीठ असतेच. महादेवीने हे सगळे त्याला समजावून सांगितले.

"मग हीच लावा, अन् साखरंची हाय म्हून सांगा."

महादेवीने फुलाबाईकडे पाहिले. डोळे खोल गेले होते, नाडी बोटाला जेमतेम लागत होती. खोटे बोलणे सोपे होते आणि बाई वाचली असती. पण जिने इतकी वर्षे अळणी कालवण खाल्ले, तिला फसवायला महादेवीची जीभ रेटेना. तिला स्वतःचाच राग आला.

"मामा, घरातल्या दुसऱ्या कुणाला नवस अंगावर घेता येत नाही का? आमच्या मैंदर्गीकडं घेतात."

 धुळाप्पाने कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा बायकोच्या कपाळाला लावला आणि चिमूटभर स्वतःच्या जिभेवर ठेवला. "बिरोबा, आजपास्नं हिचं मीठ माझ्याकडं. पोरगं येस्तवर."

फुलाबाईने त्याच्याकडे नीट बघून घेतले. मग घोंगडीतून हात बाहेर काढला.

दुपारपर्यंत तिची नाडी भरली. महादेवी डबा घेऊन व्हरांड्यात आली, तर धुळाप्पा कोरड्या भाकरीचे फडके सोडून बसला होता. तिने त्याच्यापुढे शेंगाची चटणी सरकवली. त्याने डबा हलकेच मागे ढकलला.

"मीठ असंल की त्यात."

"चुकलंच माझं. पण मामा, या वयात झेपेल का? पोरगा कधी येईल कुणास ठाऊक."

"येत न्हाय त्यो." धुळाप्पाने वॉर्डाच्या दाराकडे पाहिले आणि आवाज उतरवला. "नदीत ग्येला. संगतीच्या मेंढक्यानं मला जत्रंत सांगितलं. हिला बोललो न्हाय. सांगितलं तर मीठ खाईल, पर भाकर सोडंल."

महादेवीने हातातला घास डब्यात ठेवला. "मग मीठ कशाला सोडलंत? खा की. तिला कुठं दिसतंय?"

"तिच्याम्होरं भंडारा उचललाय न्हवं," तो म्हणाला. त्याने भाकरी पाण्यात कुस्करली आणि सावकाश खाऊ लागला.

महादेवीने डबा झाकला आणि ती आत गेली. बाटली संपत आली होती. तिने दुसरी लावली. फुलाबाई जागी होती.

"जेवले का त्ये?"

"जेवले."

"अळणीच न्हवं?"

"अळणीच, मावशी."

"मग येतंय माझं पोरगं," फुलाबाई म्हणाली आणि तिने डोळे मिटले. महादेवीने नळीची चिमटी जराशी सैल केली आणि थेंब नीट पडतात का ते बघत उभी राहिली.