उपाशी गाठ आणि कुवाबारा सेन्सेई

"जी पेशी आपला कचरा आपणच खाते, तिला कर्करोग शिवत नाही. आणि जे पेशीचं, तेच माणसाचं, तेच राष्ट्राचं!"

कुवाबारा सेन्सेईंनी, म्हणजे प्रोफेसर कुवाबारांनी, हे वाक्य खिडकीबाहेरच्या बर्फाला ऐकवलं. निवृत्तीच्या व्याख्यानाची तालीम चालली होती. पुढच्या वाक्यासाठी त्यांनी छाती भरून श्वास घेतला, तोच विभागाच्या ऑफिसातल्या ओदागिरी-सान दारात उभ्या राहिल्या. त्या सेन्सेईंच्याच गल्लीत राहत. हातात एक फुगलेली पिशवी होती आणि पिशवीवर लाल चिठ्ठी.

"सेन्सेई, तुमचा कचरा परत आलाय. माशाचे काटे आणि प्लास्टिक एकत्र. गाडीवाल्यांनी हात लावला नाही."

"माझाच कशावरून?"

"आत तुमच्या नावाची पाकिटं आहेत. शिवाय अख्ख्या कानाझावात मुळ्याचं इतकं लोणचं दुसरं कोण खातं?"

सेन्सेईंनी पिशवी पायाने टेबलाखाली सारली आणि पुन्हा राष्ट्राकडे वळले.

मागच्या स्टुलावर बसलेली मिनासे चिझुरु एरवी हसली असती. ती सेन्सेईंची सहायक, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. पण त्या दिवशी तिला हसू येईना, कारण शुक्रवारी हे वाक्य भरल्या सभागृहात म्हटलं जाणार होतं आणि ते अर्धं चूक होतं.

अर्धं बरोबर होतं, हीच तर पंचाईत. सेन्सेईंचा जन्म एकाच गोष्टीच्या मागे गेला होता. पेशी आपल्यातली मोडकीतोडकी यंत्रं, शिळी प्रथिनं गोळा करून पिशवीत बांधते, विरघळवते आणि निघालेल्या मालातून नवं काही उभारते. हे स्वभक्षण थांबलं की आत अडगळ साचते, अडगळीतून बिघाड होतो आणि बिघाडातून गाठ. सेन्सेईंनी हे उंदरांच्या यकृतात दाखवून दिलं होतं. त्यावर कोणाची हरकत नव्हती.

पण गाठ एकदा उभी राहिली, की तीही हीच विद्या वापरते. ती इतक्या घाईने वाढते की रक्त पुरत नाही, आतल्या पेशींची उपासमार होते आणि मग त्या स्वतःचीच अडगळ खाऊन तग धरतात. इतके दिवस घर झाडणारा इमानी गडी दरोडेखोरांच्या तळावर आचारी म्हणून रुजू व्हावा, तसा प्रकार. चिझुरुच्या प्रयोगांत हे स्वच्छ दिसत होतं. ओसाकाच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनाही ते ठाऊक होतं, आणि ती मंडळी शुक्रवारी पहिल्या रांगेत बसणार होती. ती काही बोलली नसती, नुसती अदबीने हसली असती. ते अदबीचं हसू सेन्सेईंच्या शेवटच्या व्याख्यानाला चिकटून राहील, या कल्पनेने चिझुरुला जेवण जाईना.

तिने सांगितलं नव्हतं असं नाही.

"सेन्सेई, त्या पहिल्या वाक्याबद्दल… जरा…"

त्या मुलखात असं अर्ध्यावर सोडलेलं 'जरा' म्हणजे ठणठणीत नकार. या एका शब्दावर तिथे घरं नाकारतात, स्थळं नाकारतात, साहेबाचं आमंत्रणही नाकारतात आणि कोणाचं मन दुखत नाही. पण हा शब्द ऐकू यायला कान लागतो, आणि प्रोफेसर झाल्यापासून सेन्सेईंच्या त्या कानाला काम उरलं नव्हतं.

"जरा काय? जरा लांबलंय? बरं, कापतो," ते म्हणाले, आणि त्यांनी शेजारचं एक निर्दोष वाक्य कापून टाकलं.

तेव्हा चिझुरुने ठरवलं, की सांगून होत नाही तर दाखवावं. तिने गाठीतल्या पेशी दोन डिशमध्ये घेतल्या. दोन्हींचा लाल पोषक द्रव काढून साधं क्षारांचं पाणी घातलं, म्हणजे कडक उपास. एका डिशमधलं स्वभक्षण चालू ठेवलं, दुसरीतलं औषध घालून बंद पाडलं. दोन्ही झाकणांवर ठळक अक्षरांत 'उपाशी' आणि खाली बारीक 'चालू', 'बंद' असं लिहून ती घरी गेली.

सकाळी येऊन पाहते तर सेन्सेई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेले, चेहरा फुललेला.

"ये, मिनासे-कुन, ये! दोन्ही डिश ठणठणीत! स्वभक्षण चालू ठेव नाहीतर बंद कर, गाठीला काडीचा फरक पडत नाही."

चिझुरुने डिश उचलली. पाणी लालभडक होतं.

"सेन्सेई, यांना कोणी खायला घातलं?"

"मी," सेन्सेई अभिमानाने म्हणाले. "काल तू गेल्यावर बघतो तर झाकणावर 'उपाशी'. म्हटलं, पोरगी कामाच्या गडबडीत विसरलेली दिसतेय."

"विसरले नव्हते. त्यांना उपाशीच ठेवायचं होतं."

"माझ्या प्रयोगशाळेत कोणी उपाशी राहत नाही. लढाईनंतर आम्ही रताळ्याची सालं खाल्लीत, तुला काय माहीत!"

"सेन्सेई, ती कर्करोगाची गाठ आहे."

"असेना का. जेवणाची वेळ होती."

"पण त्यामुळे आता प्रयोग… जरा…"

"जरा जास्त घातलं का?"

चहा घेऊन आलेल्या ओदागिरी-सान दारातच फिसकन हसल्या. त्या हसण्याने म्हणा, किंवा शुक्रवार दोन दिवसांवर आल्याने म्हणा, चिझुरुच्या तोंडून तो शब्द निघून गेला.

"नाही."

ओदागिरी-सान चहा टेबलावर ठेवता ठेवता थांबल्या.

"नाही, सेन्सेई. तुम्ही चुकताय. निरोगी पेशीबद्दल तुमचं बरोबर आहे, पण गाठीबद्दल नाही."

सेन्सेई खुर्चीत बसले. त्यांनी चहाचा कप पुढे ओढला. चिझुरुने मनातल्या मनात टेबल आवरून नोकरी सोडलीसुद्धा.

"मला असं तोंडावर 'नाही' शेवटचं बायकोने म्हटलं होतं," ते अखेर म्हणाले. "मी मागणी घातली तेव्हा. मग तिचं मत बदललं."

"माझं नाही बदलणार."

"तसं दिसतंयच. पुन्हा लाव. मी हात खिशात ठेवतो."

या खेपेला चिझुरुने इन्क्युबेटरची, म्हणजे पेशी उबेत ठेवायच्या कपाटाची, किल्ली ओदागिरी-सानकडे दिली. सेन्सेई काहीतरी निमित्त काढून ऑफिसात चकरा मारत होते, तर त्या दर वेळी म्हणत, "एक दिवस जेवल्या नाहीत म्हणून मरत नाहीत हो त्या."

"पण मरायलाच ठेवल्यात ना!"

"मग तुमची कसली घाई?"

दुसऱ्या दिवशी सेन्सेईंनी पहिली डिश पाहिली. पेशी रोडावल्या होत्या, पण तळाला घट्ट धरून जिवंत होत्या. दुसऱ्या डिशमध्ये स्वभक्षण बंद होतं. तिथल्या सगळ्या सुटून, गोळा होऊन पाण्यावर तरंगत होत्या.

"मेल्या," सेन्सेई म्हणाले. आवाजात थोडं सुतक होतं.

"हो. स्वतःला खाऊन जगायची वाटच बंद केली."

"आणि निरोगी पेशीत बंद केलं तर?"

"तर तुम्ही म्हणता तेच. अडगळ साठेल, गाठ होईल."

"म्हणजे एकच गोष्ट आधी राखण करते आणि मग चोराला पोसते. औषध द्यायचं तर कोणाला आणि कधी, हे आधी बघायला हवं." सेन्सेईंचे डोळे एखाद्या विद्यार्थ्यासारखे चमकले, आणि लगेच ते तिच्यावर उखडले. "अगं, मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"सगळा हिवाळा 'जरा, जरा' करतेय बिचारी," ओदागिरी-सान म्हणाल्या. "मला खाली ऑफिसात बसून कळलं."

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. ओसाकाची मंडळी पहिल्या रांगेत होती, अदबीचं हसू तयार ठेवून. सेन्सेईंनी उंदरांचं यकृत दाखवलं, मग दोन डिश दाखवल्या, मग चिझुरुला मंचावर शेजारी बोलावून घेतलं.

"मी जन्मभर तुम्हाला अर्धी गोष्ट सांगितली," ते म्हणाले. "उरलेली अर्धी हिने शोधली. ती सांगण्यासाठी हिला मला 'नाही' म्हणावं लागलं. ही वेळ मी हिच्यावर आणली, याची मला लाज वाटते."

आणि ते वाकले. नुसती मान नाही, कमरेतून, थेट काटकोनात.

मुख्य माणूस वाकलेला असताना ताठ राहणं तिथल्या रक्तात नाही. चिझुरु वाकली. सभागृह वाकलं. हसू गिळून ओसाकाची मंडळीही वाकली. आता सेन्सेई उठतील, मग आपण उठू, या हिशेबाने सगळे थांबले. सेन्सेई उठेनात. मागे कोणीतरी हुंदका दिला. इतकी खोल आणि इतकी लांब क्षमायाचना या विद्यापीठात कोणी पाहिली नव्हती. चिझुरुच्या डोळ्यांतून टपटप पाणी मंचावर पडत होतं.

तेवढ्यात तिच्या शेजारून, जमिनीच्या दिशेने, दबका आवाज आला.

"मिनासे-कुन."

"हो, सेन्सेई?"

"कंबर धरलीय. कोणाला कळू न देता मला उभं कर ना."