तवंदीचा उतार

निपाणीच्या जनावरांच्या बाजारात भावकूनं बैलाच्या पाठीवर हात ठेवला की सौदा झाला, असं लोक धरूनच चालत. दलाल तिथं पुष्कळ होते, आणि त्यांतले निम्मे तरी म्हातारा बैल तरणा म्हणून गळ्यात मारण्यात तरबेज होते. भावकूची रीत वेगळी. तो दात बघायचा, खूर बघायचा, मग भरल्या गाडीची चाकं दोरानं बांधून बैलांना ती ओढायला लावायचा. चाकं न फिरता गाडी पुढं सरकली तर पाठीवर हात, नाहीतर मालकाच्या तोंडावर सांगायचा, "घरी न्या." त्यामुळं निम्मा बाजार त्याच्यावर जळायचा, पण घेणारा प्रत्येकजण आधी त्यालाच शोधत यायचा.

छत्तीस सालच्या दिवाळीनंतर या बाजारात लॉऱ्या आल्या. लहानशाच, पुढं दोघं बसायचे आणि मागं मालासाठी फळ्यांची उघडी पाठ. दोन कंपन्यांच्या होत्या. नावं साहेबी, ती कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून लोकांनी एकीला निळी आणि दुसरीला तांबडी म्हणून टाकलं. निळीचा एजंट रघुवीर बेळगावच्या कॅम्पातून यायचा, मॅट्रिक झालेला, कोटाला सुरकुती पडू न देणारा. तांबडीचा परशराम कोल्हापूरकडचा, बोलायला लागला की समोरच्याला बसायला जागा शोधावी लागे.

दोघांची जी जुंपली ती बघण्यासारखी होती. एकानं बाजारात ग्रामोफोन लावला तर दुसऱ्यानं जिलेबी वाटली. एकानं दोन टायर जादा कबूल केले, तर दुसऱ्यानं मागची पाठ सुताराकडून फुकट बांधून द्यायचं जाहीर केलं. लोकांनी जिलेबी खाल्ली, गाणी ऐकली आणि विकत काही घेतलं नाही. गाडीवरून हात फिरवायचे आणि भावकूकडं बघायचे.

मग दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला. परशराम धोतरजोडी घेऊन भावकूच्या घरी गेला, रघुवीर पेढे घेऊन गेला. भावकूनं दोघांनाही आल्या वाटेनं परत लावलं.

"हात फुकट पडत न्हाय, इकत बी पडत न्हाय," तो म्हणाला. "तवंदीचा घाट चढवून दावा."

निपाणीहून संकेश्वराकडं जाताना तवंदीचा घाट लागतो. भरल्या गाडीला तिथं चार-चार बैल जुंपावे लागत. भावकूनं दोन्ही लॉऱ्यांत तंबाखूची वीस-वीस बोदं, म्हणजे गोणपाटात शिवलेले गठ्ठे, स्वतः मोजून भरायला लावली. अर्धी निपाणी घाटावर लोटली. तांबडी अर्ध्या चढाला तोंडातून वाफ सोडत उभी राहिली. निळी गुरगुरत वर गेली, आणि लोकांनी फेटे उडवले. बोदं तिथंच संकेश्वराला जाणाऱ्या बैलगाड्यांवर चढवली गेली. निळी रिकामी झाली आणि रिकामीच खाली आली.

भावकू हात ठेवायला पुढं झाला तेव्हा रघुवीर चष्मा पुसत म्हणाला, "भावकूआप्पा, उताराला मात्र—"

"उतरायला काय लागतंय?" भावकू हसला. "चढ चढला त्यो उतार उतरतोयच की!"

बैलाच्या माणसाला दुसरं काय सुचणार? उताराला बैल आपणच मान ताठ करून जू मागं रेटतो, कारण बैलालाही जगायचं असतं. जन्मभर हजारो बैल पारखले, पण उतारावर कधी एकाची परीक्षा घ्यावी लागली नव्हती. रघुवीरनं तोंड उघडलं होतं खरं. पण परशराम दोन हातांवर कान टवकारून उभा होता. रघुवीरनं तोंड मिटलं. भावकूनं ते मिटलेलं तोंड बघितलं आणि निळीच्या पाठीवर हात ठेवला.

त्या हंगामात आठ निळ्या खपल्या. त्यांतली एक भावकूच्या जावयानं, जोतिबानं घेतली. त्यानं आधी विचारलं होतं.

"मामा, बैलजोडी इकून घिऊ म्हणतोय. तुमी सांगशीला तसं."

"घ्या पावणं," भावकू म्हणाला. "डोळं झाकून घ्या."

जोतिबा पंधरा दिवसांत गाडी शिकला. मालू, भावकूची एकुलती लेक, नवऱ्याच्या शेजारी बसून माहेरी आली तेव्हा अख्खी गल्ली बाहेर आली होती. भावकूचा ऊर भरून आला होता. माघात जोतिबा गुळाच्या ढेपा भरून संकेश्वराहून निपाणीला येत होता. तवंदीच्या उतारावर दाबून दाबून ब्रेक तापले आणि गाडी पायाला ऐकेना. पहिलं वळण त्यानं कसंबसं घेतलं, दुसऱ्यावर गाडी सरळच गेली. भावकू पोचला तोवर जोतिबाला घोंगड्यात गुंडाळलं होतं. भावकूनं गाडीच्या चाकाला हात लावला आणि तो भाजला.

एजंट लोकांना लाज कमीच असते. पाचव्या दिवशी परशराम आला, डोळे पुसले, आणि उठताना म्हणाला, "बाजारात एवढंच सांगा, की निळीनं जावई खाल्ला." सातव्या दिवशी रघुवीर आला. तो खरंच रडला. पण जाताना तोही म्हणालाच, "गाडीत माल जास्त होता, आप्पा. कुणी विचारलं तर तेवढं सांगा." मेलेल्या माणसावरूनसुद्धा त्यांची ओढाताण चालूच होती.

तेरावं झालं तरी माहेरी आणलेली मालू चहाच्या घोटावर होती. भाकरीचा तुकडा तिच्या तोंडात फिरत राहायचा. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी तिनं विचारलं, "आप्पा, उताराचं त्येंनी इचारलं न्हवतं का तुमास्नी?"

"इचारलं न्हवतं."

"तुमी तरी सांगितलं हुतं?"

खोटं सांगता आलं असतं. भावकूची मान खाली गेली. "न्हाय गं. मलाच ठावं न्हवतं. त्यो कोटवाला सांगाय लागलाता, मी हसण्यावारी न्हेलं."

मालू म्हणाली, "आजून सात गाड्या हाईत. त्येंच्या बी घरात बायका हाईत. त्येंना तरी सांगून या."

दुसऱ्या दिवशी भावकू बाजारात एका रिकाम्या बैलगाडीवर चढला. लोक जमले. तो सरळ बोलला. "चूक माझी हाय. मी चढ बघितला, उतार बघितला न्हाय. भरली गाडी घिऊन तवंदी उतरू नगा. माल वरच उतरा, बैलगाडीनं खाली आणा."

लोक गंभीर झाले होते. एकदोघांनी माना हलवल्या. तेवढ्यात तांबडी गाडी हार घालून गर्दीत शिरली आणि परशराम वरूनच ओरडला, "ऐका! भावकूआप्पा स्वतःच सांगतायत, निळी घेऊ नका! तांबडी घ्या!"

"मी तसं न्हाय म्हणालो! तांबडीचा उतार बी मी बघितल्याला न्हाय!" भावकू किंचाळला. पण मागं ग्रामोफोन सुरू झाला होता. लोकांचे चेहरे बदललेले त्याला वरून स्पष्ट दिसले.

नागोजी पुढं आला. सातांतली एक निळी त्याची. पोटाला चिमटा घेऊन घेतलेली. "किती घेतलं, भावकूआप्पा?" तो म्हणाला. "लेकीचं कुकू पुसलं, त्येचा बी सौदा केलासा?"

भावकू खाली उतरला आणि नागोजीच्या गाडीपुढं जाऊन आडवा झाला. "संकेश्वराचा गूळ भरून उतरू नगंस रं. तुझ्या पाया पडतो."

चौघांनी त्याला उचललं. मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय म्हणत त्याला चिंचेखाली सावलीत नेऊन बसवलं, वर पाणीही दिलं. त्या दयेनं त्याचं काळीज जास्त फाटलं. त्याच्या डोळ्यांदेखत नागोजीची निळी धुरळा उडवत संकेश्वराच्या रस्त्याला लागली. मागोमाग दुसरी गेली.

तो घरी आला तेव्हा मालू उंबऱ्यात उभी होती. पंधरा दिवसांत ती पहिल्यांदा दारापर्यंत आली होती.

"ऐकलं का आप्पा त्येंनी?"

भावकूनं तिच्याकडं बघितलं. खांद्याची हाडं वर आली होती, बांगड्या नसलेले हात काठीसारखे झाले होते.

"व्हय," तो म्हणाला. "समद्यांनी ऐकलं. नागोजी तर पाया पडला माझ्या."

मालूनं पदरानं तोंड पुसलं. ती आत गेली, चुलीपुढं बसली, दोन भाकरी थापल्या आणि बापाचं ताट वाढून शेजारी स्वतःचंही वाढून घेतलं. ती जेवत होती. भावकू हातात तुकडा धरून बसला होता, आणि त्याचे कान घाटाच्या रस्त्याकडं लागले होते.