ठकूची पहिली पोळी

मी ठकू बोलतेय. कागदावर माझं नाव हेझलबेक मॅटिल्डा चौथी, पण त्या नावाने मला फक्त प्रदर्शनातले पंच ओळखतात. आत्ता मी नॉटिंगहॅमबाहेरच्या आमच्या शेतावर, लॉरीच्या फळीसमोर उभी आहे आणि वर चढायला तयार नाही. ड्रायव्हर घड्याळ बघतोय. बघू दे.

मी जातिवंत लाँगहॉर्न गाय. अंग तांबूस, पाठीवरून शेपटापर्यंत पांढरा पट्टा आणि लांब वाकडी शिंगं. त्यातलं डावं मेलं डोळ्याकडेच वाढतं, म्हणून दरवर्षी त्याचं टोक कापावं लागतं. आमची जात मांसासाठी पाळतात, हे मी लपवत नाही. लपवतात ती माणसंच. जन्मल्यावर माझ्या दोन्ही कानांत पिवळे बिल्ले टोचले आणि अकराव्या दिवशी माझा पासपोर्ट आला. हो, इथे गुरांनाही पासपोर्ट असतो. "मला अकरा वर्षं लागली गं बाई," असं म्हणत लीलावतीबाईंनी माझ्या कपाळावरून हात फिरवला आणि माझं नाव ठकू ठेवलं.

लीलावतीबाई म्हणजे माझ्या मालकिणीची, देवयानीची आई. त्यांचं सगळं आयुष्य इथल्या हॉस्पिटलात नर्सिंग करण्यात गेलं आणि नवरा वारल्यावर त्या लेकीकडे शेतावर राहायला आल्या. देवयानी इथेच जन्मली, इथेच वाढली. हिवाळ्यात ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमच्या वंशावळीचं जाडजूड पुस्तक उघडून बसते आणि कुठला वळू कुठल्या गाईच्या नात्यात लागत नाही ते सात-सात पिढ्या मागे जाऊन तपासते. खिडकी अंगणाकडे असल्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

"तुझं लग्न ठरवताना आम्ही एवढं गोत्र बघितलं नव्हतं," लीलावतीबाई एकदा म्हणाल्या.

"म्हणूनच डिव्होर्स झाला ना, आई!" देवयानी म्हणाली आणि दोघी खूप हसल्या.

मला नऊ वासरं झाली. कालवडी कळपात राहिल्या. गोऱ्हे अडीच वर्षांचे झाले की लॉरी यायची. "तो नॉर्थला गेला, मोठ्या फार्मवर," देवयानी आईला सांगायची आणि लीलावतीबाई "बरं" म्हणायच्या. गोठ्याशेजारच्या खोलीत एक मोठा फ्रीझर आहे. त्याचं झाकण त्यांनी कधी उघडलं नाही. पेशंटच्या नातेवाइकांशी गोड बोलण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. लेक काय बोलतेय हे त्यांना कळत नसेल, असं मला कधी वाटलं नाही.

रोज सकाळी सातला, देवयानी लांबच्या कुरणात गेली की त्या कुंपणाशी यायच्या. हातात पहिली पोळी, वर तूप आणि गुळाचा खडा. एकदा देवयानी लवकर परतली आणि त्या पकडल्या गेल्या.

"आई, किचनमधलं काही द्यायचं नाही त्यांना! इल्लीगल आहे ते. इन्स्पेक्टर आला तर माझी वाट लागेल."

"अगं, गोग्रास आहे तो. पहिला घास गाईचा. त्यात कसलं आलंय इल्लीगल?"

दुसऱ्या दिवशी त्या पावणेसातलाच, देवयानीची पाठ वळताच आल्या. मीही तोंड नीट चाटूनपुसून पुरावा नाहीसा केला. कायदा आम्ही दोघींनी मिळून मोडला, बारा वर्षं.

आता माझे सांधे दुखतात. दोन वर्षं मी गाभण राहिले नाही. व्हेटबाईंनी तपासलं आणि मान हलवली. यंदा उन्हाळ्यात पाऊस नव्हता, त्यामुळे हिवाळ्यासाठी गवत कमी आहे. जे आहे ते गाभण गाईंना लागणार. देवयानीने महिनाभर टाळलं. मग परवा खिडकीतून तिचा आवाज आला, "आई, ठकू पण नॉर्थला जाणार आहे."

लीलावतीबाई पहिल्यांदाच "बरं" म्हणाल्या नाहीत.

आज ड्रायव्हरने दाण्याची बादली दाखवली, मागून ढकलून पाहिलं. मी हलले नाही. मी हट्टी नाही हो, दमलेय. ती फळी उंच आहे आणि तिला अनोळखी वास येतो. शेवटी देवयानी पायरीवर बसली, बाहीने डोळे पुसले आणि घराकडे तोंड करून म्हणाली, "आई, एक पोळी आण ना. तुझ्या मागे येईल ती."

बराच वेळ कुणी आलं नाही. मग तव्याचा वास आला.

लीलावतीबाई बाहेर आल्या. हातात पोळी, वर तूप आणि गुळाचा खडा. लेकीकडे त्यांनी पाहिलं नाही. लॉरीची कड धरून त्या स्वतः आधी फळीवर चढल्या आणि वळून म्हणाल्या, "चल गं ठकू. नॉर्थला जायचंय."

आवाज नर्सचा होता.

मी चढले. पोळी त्यांच्या हातातून खाल्ली, सावकाश, शेवटचा तुकडासुद्धा. त्यांनी माझ्या डाव्या शिंगाला कपाळ टेकवलं आणि उतरून गेल्या. आता मागचं दार लागतंय.

लीलावतीबाई, एवढंच ऐका. उद्या सकाळी तुमचा हात सवयीने पहिली पोळी बाजूला काढेल. काढू नका. गरम असते ती. तुम्हीच खा.