लाल नसलेले डाग

शैला सिस्टर हुशार आहे याबद्दल मासवणच्या बाजूच्या त्या पाड्यावरच्या उपकेंद्रात कोणाचंच दुमत नव्हतं. शैलाचं स्वतःचं तर मुळीच नव्हतं. गेल्या हिवाळ्यात पालघरला नर्सेससाठी त्वचारोगाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तेव्हा परीक्षेत पंचवीसपैकी चोवीस मार्क तिलाच पडले होते. पडद्यावर चित्र आलं रे आलं की शेजारणीच्या आधी ही नाव सांगून मोकळी. नायटा, खरूज, सोरायसिस. एका चित्रापाशी मात्र डॉक्टर थांबले होते. "बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. नवी गोळी सुरू केल्यावर अंगावर लाल चट्टे, ताप, डोळ्यांची आग, तोंडात फोड. गोळी त्याच क्षणी बंद, आणि पेशंट मोठ्या दवाखान्यात." शैलाने ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

चित्रातली माणसं सगळी गोरीपान, परदेशातली. त्यांच्या अंगावर लाल चट्टा कुंकवासारखा उठून दिसत होता. वर्गातल्या चाळीस बायकांपैकी एकीलाही विचारावंसं वाटलं नाही की, आपल्याकडच्या काळ्यासावळ्या अंगावर हा रंग दिसतो तरी कसा.

पाड्यावरच्या सोमीला फिट यायच्या. दोन वर्षांपूर्वी बरं वाटतंय म्हणून तिने गोळ्या सोडल्या, आणि चुलीपुढे भाकरी थापताना फिट येऊन डावा हात निखाऱ्यांत गेला. तेव्हापासून शैलाने गोळ्यांसाठी तिचा पिच्छा पुरवला होता. यंदा फिट पुन्हा वाढल्या म्हणून डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, तर शैला रोज सकाळी सोमीचा नवरा देवू याला फोन लावायची. देवू कुंभवलीला रंगाच्या कंपनीत कंत्राटावर. बसमध्ये लोंबकळत तो ओरडून सांगायचा, "घेतली, सिस्टर, घेतली! माझ्यासमोर घेतली!" आपल्या पेशंटची एक गोळी चुकत नाही, हे शैला पाम गावातल्या आपल्या घरी जेवताना अभिमानाने सांगायची. अभिमान वाटण्यासारखंच होतं ते.

नव्या गोळीच्या सोळाव्या दिवशी सोमी आली. मंगळवार होता, लसीकरणाचा. उपकेंद्रात वीस पोरं रडत होती.

"काय गं?"

"अंगाव डाग आलंत."

शैलाने तिला कपाटाच्या आड नेऊन छाती-पाठ बघितली. काळपट, जांभळट डाग होते, करवंद चिरडून बोटं पुसल्यासारखे. लाल काही नव्हतं. तिने एका डागावर अंगठा दाबला. सोमी कळवळली.

"खाज येते?"

"नाय. दुखतं. लुगडं टेकलं तरी दुखतं."

हे वाक्य शैलाने ऐकलं. पुढे कितीतरी दिवस तिने मनात हेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं, पण त्या मंगळवारी ते एका कानाने आत शिरलं आणि बाहेरच्या रडारडीत विरून गेलं. सोमीचे डोळे चुरचुरत होते, ती सारखी पापण्या मिटत होती. शैला म्हणाली, चुलीचा धूर. अंग कोमट लागलं, म्हणाली, ऊन. तोंड उघड म्हणायचं तिला सुचलंच नाही. लाल नाही म्हणजे गोळीची रिअॅक्शन नाही, हातच्या काकणाला आरसा कशाला! तिने घामोळ्यांचं लोशन दिलं आणि दारातून जाणाऱ्या सोमीला बजावलं, "आणि गोळी चुकवायची नाही हां. एक दिवससुद्धा नाही. हात आठवतो ना?"

सोमीने जळका हात पदराखाली घेतला आणि मान हलवली.

शनिवारी तिची कातडी सुटायला लागली. देवूने रिक्षा करून पालघर गाठलं, तिथून तिला पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवलं. सोमवारी ती गेली. मृत्यूच्या कागदावर डॉक्टरांनी त्या गोळीचं नाव लिहिलं होतं, आणि पुढे 'रिअॅक्शन'. देवूला वाचता येत नव्हतं.

दहाव्या दिवशी शैला त्याच्याकडे गेली. मृत्यूच्या नोंदीसाठी कागद बघायला तिला जावंच लागणार होतं. तो ओट्यावर बसला होता, त्या शनिवारपासून कामावर गेलेला नव्हता.

"कंपनी सोडली मी," तो म्हणाला. "माझ्या कपड्यांना लय रंग लागायचा. तीच धुवायची. तेच चढलं तिच्या अंगात. मीच घरात आणलं इख."

"तसं नाही, देवू."

"मग काय? भगताला नाय दाखवलं म्हनून? तिची आय तसंच बोलते. तुमी शिकलेल्या. तुमी सांगा, आमचं काय चुकलं?"

शैलाला गप्प बसता आलं असतं. पाड्यावर कोणी तिच्याकडे बोट दाखवलं नव्हतं, दाखवणारही नव्हतं. पण हा माणूस धुतलेल्या कपड्यांपायी स्वतःला जाळत बसला होता, आणि ते तिला बघवेना. शिवाय, खरं सांगायचं तर, तिलाही तो दगड छातीवरून उतरवायचा होता. चांगुलपणात आपलाही वाटा असतोच की थोडा.

"कपड्यांनी काही झालं नाही. तुझं काही चुकलं नाही. त्या नव्या गोळीनं झालं सगळं. हजारांत एखाद्याला होतं तसं. डाग दिसले तेव्हाच गोळी बंद करायला हवी होती. मला ओळखता आलं नाही, देवू. मी तिला घे म्हटलं. माझी चूक आहे."

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं. क्षणभरच.

देवू उठून आत गेला आणि गोळ्यांची पट्टी घेऊन आला. पट्टीत रिकाम्या जागा एका ओळीत होत्या, एकही दिवस सुटलेला नव्हता.

"ही गोळी?"

"हो."

तो पट्टीकडे बघत राहिला. मग अगदी हळू, स्वतःशीच हिशेब लावावा तसं बोलू लागला. "शुक्करवारी तिला गिळता येयना. व्हट चिकटलेलं, तोंडात सगळे फोड. नको बोलली. हातानंच नको केलं. मला वाटलं, फिट आली तर? सिस्टर बोलली हाय, एक दिवस पन नाय."

"देवू..."

"मी चमच्यानं चुरली, पान्यात. शनिवारी सकाळी पन. ती तोंड उघडत नव्हती, सिस्टर." त्याने उजवा हात वर केला आणि अंगठा नि बोट एखाद्याची हनुवटी धरावी तसं धरून दाखवलं. "मी उघडलं."

शैला म्हणाली, मी सांगितलं म्हणून, तू मी सांगितलं म्हणून केलंस. दोनदा म्हणाली, तीनदा म्हणाली. देवूला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मघापर्यंत त्याच्या डोक्यात कपडे होते, रंग होता, भगत होता. आता फक्त तो हात होता. तो त्याने खाली घेतला नव्हता.