माहेरचा मुळा

मुळ्याचं झाड एकच होतं. त्याला अकरा फांद्या होत्या. गळालेल्यांचे देठ धरून फुलं दोनशे सहा झाली होती, आणि शेंग एकही नव्हती. शालिकरामने फांदीफांदीवरून बोट फिरवत पुन्हा मोजलं, तरी शेंगांचा आकडा काही बदलला नाही.

"नाही ना धरली?" झाडावरचा कपडा उचलून उभ्या असलेल्या पार्बताबाईने विचारलं.

"नाही, माय."

लाल खांद्याचा, म्हणजे पानांखाली वरचा भाग लाल असलेला, हा मुळा तिच्या माहेरचा, शेंदूरजनाघाटचा. लग्नात ओटीतून आणलेलं बी ती चांदूर बाजारच्या या मळ्यात वर्षानुवर्षं वाफाभर झाडांवर धरत आली होती. मानमोडीच्या तापाच्या साथीत माहेरचं सगळं घर गेलं. तिकडचं म्हणावं असं एवढंच तिच्याकडे उरलं होतं. यंदा बियांचं गाडगं उंदरांनी फस्त केलं. तळाशी राहिलेले चार दाणे पेरले, त्यातला एक उगवला. धुऱ्यापलीकडे, बांधाला लागून, शेजारच्या सूर्यभानचा पांढरा मुळा फुललेला होता. मधमाश्यांनी तिकडचा पराग आणून भेसळ करू नये म्हणून तिने झाडावर जुन्या लुगड्याचा पातळ कपडा टाकला होता. नागपूरहून नुकताच बी. एस्सी. होऊन आलेला शालिकराम रोज सकाळी त्याच झाडाचा पराग कापसाच्या बोळ्याने त्याच्याच फुलांना लावत होता.

"वांझ हाय म्हनते सूर्यभान," पार्बताबाई म्हणाली.

ते तपासायला शालिकरामने आईच्या नकळत पाच फुलांना सूर्यभानच्या मुळ्याचा पराग लावला. आठवड्यात चार शेंगा धरल्या. आईने पाहिलं मात्र, तशी ती कडाडली, "हे काय करून ठेवलं? तोड पहिले!"

त्याने तोडल्या. "पन माय, झाड वांझ नाही. दुसऱ्याचा पराग घेते. स्वतःचा तेवढा घेत नाही."

"म्हंजे गोतातल्या गोतात सोयरीक करत नाही?" तिचा राग उतरला आणि ती हसली. "माह्या बापाचा मुया हाय बाप्पा, गोत पाहनारच!" मग कपडा नीट करताकरता थांबली. "पन त्याले कोन सांगतलं, हे आपलं अन् हे परकं?"

शालिकरामने भिंग काढलं. एका नखावर या झाडाचा पराग घेतला, दुसऱ्यावर सूर्यभानच्या झाडाचा. दोन्ही पिवळ्या पुडी अगदी एकसारख्या होत्या. जो फरक त्याला भिंगातून दिसत नव्हता, तो डोळे नसलेल्या फुलाला नुसत्या स्पर्शाने कळत होता.

संक्रांतीला बहीण शकुन लेकराला घेऊन आली. शालिकरामने हात पुढे करताच लेकराने भोकाड पसरलं.

"बैलपोयाच्या टायमाले तर माह्या खांद्यावरून उतरत नोता!" तो म्हणाला.

"तवा त्याले वळख नोती, दादा. आता आपलं-परकं समजाले लागलं."

"अन् मामालेच परकं करून टाकलं!" पार्बताबाई म्हणाली. "नागपूरचा वास येत असन तुह्या अंगाले."

शालिकराम हसला नाही. हातातला तिळाचा लाडू तसाच ठेवून तो मळ्याकडे निघाला. लेकराला जर ओळख नंतर येते, तर फुलाला ती कधी येते? फूलही आधी कळीच असतं.

दोन दिवसांनी उमलतील अशा चाळीस कळ्या त्याने निवडल्या. बाभळीच्या काट्याने एकेक कळी अलगद उघडून, त्याच झाडाच्या उमललेल्या फुलाचा पराग आत लावला आणि देठाला लाल दोरा बांधला. त्याच फांद्यांवरच्या चाळीस उमललेल्या फुलांना तोच पराग लावला, तिथे पांढरा दोरा.

"कच्च्या कयीले कायले छयतं रे?" पार्बताबाई कुरकुरली, पण दोरे तिनेच आपल्या लुगड्यातून ओढून दिले.

त्यानंतर दोघंही रोज सकाळी कपडा उचलून बघत. पांढऱ्या दोऱ्यांची फुलं सुकून गळत गेली. लाल दोऱ्यांपाशी एके दिवशी सुईएवढं हिरवं टोक वर आलेलं पार्बताबाईला आधी दिसलं. मुलाचा दंड धरून तिने त्याला खाली वाकवलं.

फांदी तीच होती, पराग तोच, लावणारा हातही तोच. मधे होते ते दोन दिवस, आणि त्या दोन दिवसांत कधीतरी, बंद पाकळ्यांच्या अंधारात, फूल स्वतःला ओळखायला शिकत होतं. शालिकरामने न उमललेल्या एका कळीला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं.

शेंगा वाळल्यावर पार्बताबाईने त्या स्वतः फोडल्या. पुढच्या आश्विनात तिने त्यातलं थोडं बी पेरलं आणि मुळे पोसल्यावर एकेक स्वतः उपटला.

पांढरा दोरा: फुलं चाळीस, शेंगा शून्य. लाल दोरा: कळ्या चाळीस, शेंगा एकतीस, बी त्र्याऐंशी. पेरलं पंचवीस, उगवले एकवीस. लाल खांद्याचे एकवीस.